नावानिशी

मेहकरच्या सावली शिशुगृहातलं लोखंडी कपाट एकतीस वर्षं पुष्पाबाईंच्या ताब्यात होतं. किल्ली कमरेला, आणि कमरेवरून ती फक्त अंघोळीपुरती उतरायची. कपाटात दत्तक गेलेल्या मुलांच्या फायली होत्या. कोणतं मूल कोणत्या बाईनं दिलं, कुठल्या गावची ती, हे सगळं त्यात होतं आणि त्यातलं एक अक्षर पुष्पाबाईंच्या तोंडून आजवर बाहेर पडलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनं एकदा सहज चौकशी केली, तर तिच्याशी सहा महिने अबोला धरला. भाजीत मीठ किती घातलं असं विचारलं तरी आधी "तुले काऊन पायजे?" म्हणतील, अशी बाई.

त्यांच्यापुढे सुचिता तिसऱ्यांदा येऊन बसली होती.

सुचिता मोताळ्याची. वामनराव आणि त्यांच्या मंडळींनी तिला साडेतीन महिन्यांची असताना या शिशुगृहातून नेलं, लाडाकोडात वाढवलं, आणि दत्तक घेतल्याचं तिच्यापासून कधी लपवलं नाही. आता ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. गावोगाव फिरून गुरांच्या कानात नोंदणीचे पिवळे बिल्ले मारायची. दत्तक मुलाला अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध मागता येतो हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं दोनदा रीतसर अर्जही केला होता. दोन्ही वेळा संस्थेचं एका ओळीचं उत्तर आलं, की शोध लागला नाही.

"काकू," सुचिता म्हणाली, "वासराले बिल्ला मारताना त्याच्या मायचा नंबर टाकल्याशिवाय नोंदच होत नाही. अख्ख्या तालुक्यातल्या ढोराईच्या माया मले माहीत हायेत. माही मायच काऊन सापडत नाही?"

पुष्पाबाईंनी कमरेची किल्ली चाचपली.

"मले तिचा पत्ता नाही पायजे. तिच्या दारात जाऊन मले तमाशा नाही कराचा. एकच इचारायचं हाय तिले. मले टाकलं, का देलं?"

"ते सारखंच असते, माय."

"नाही काकू. सारखं नसते."

आणि इथं पुष्पाबाईंची नजर कपाटाकडे गेली. कारण सुचिताची फाइल त्यांच्यापासून दोन हातांवर होती, आणि शोध त्यांनी कधी घेतलाच नव्हता. नियम असा होता, की अर्ज आला म्हणजे संस्थेनं जन्मदात्या आईला रजिस्टर पत्र पाठवून तिची संमती मागायची. ती हो म्हणाली तरच नाव द्यायचं. कागदावर मोठा देखणा नियम होता तो. चौदा वर्षांपूर्वी पुष्पाबाईंनी असंच एक पत्र एका गावी पाठवलं. आता आमच्या भागात बाईच्या नावानं रजिस्टर पत्र येतं कधी? पाकिटावर संस्थेचं नाव छापलेलं, वर शिक्का. पोस्टमन बिचारा भला माणूस, त्याला वाटलं बाईचं घरकुल मंजूर झालं. त्यानं लांबूनच हाळी दिली. गल्ली जमा झाली, दिरानं पाकीट फोडलं, आणि यादीत आणखी कोणाची नावं आहेत ते कळावं म्हणून किराणा दुकानासमोर मोठ्यानं वाचायला घेतलं. चौथ्या ओळीवर त्याचा आवाज बसला. ती बाई त्याच संध्याकाळी माहेरी गेली, ती परत नांदायला आली नाही. पुष्पाबाईंनी त्या दिवसापासून एकही पत्र टाकलं नाही. अर्ज आला, की दोन महिने ठेवायचा आणि 'शोध लागला नाही' असा शिक्का मारायचा. असे आठ अर्ज झाले होते. त्यात दोन एकट्या सुचिताचे.

"मीच मारला शिक्का," त्या एकदम म्हणाल्या. "दोनी खेपी. पत्र धाडलंच नाही म्या." आणि मग त्यांनी घरकुलाच्या पत्राची सगळी हकिकत सांगून टाकली.

सुचिता सगळं ऐकून उठून उभी राहिली. "म्हणजे माही माय नाही म्हणाली नाही. तिले कोणी इचारलंच नाही." "पुढल्या सोमवारी बुलडाण्याले सुनावणी हाय, या नोंदीइच्या नियमाची. थ्या समितीसमोर सांगता का हे?"

पुष्पाबाई हो म्हणाल्या नाहीत, पण सोमवारी सकाळच्या एसटीत मात्र त्या बसलेल्या होत्या.

दत्तक नोंदींचे नियम सुधारण्यासाठी नेमलेली ती समिती जिल्ह्याजिल्ह्यात फिरत होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून पाहायची सवय असलेल्या. आधी शेखर नावाचे तरुण वकील उठले. माहिती हा मुलाचा जन्मसिद्ध हक्क आहे, सगळी कपाटं उघडा, अर्ज आल्यापासून तीस दिवसांत नाव-पत्ता हातात द्या, असं त्यांनी टेबल आपटून सांगितलं. मग सावलीचे सचिव हिंमतराव उठले. एकही नाव बाहेर जाता कामा नये, त्या बायांचे संसार उद्ध्वस्त होतील, कपाटांना कुलपं ठोका आणि किल्ल्या तळ्यात फेका, असं त्यांचं म्हणणं. दोघंही त्या बायांच्या वतीनं पोटतिडकीनं बोलत होते, आणि दोघांपैकी कोणी त्यातल्या एकीलाही कधी भेटलं नव्हतं. पुष्पाबाईंचं डोकं फिरलं. त्या हात वर न करताच उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. घरकुलाचं पत्र, खोटे शिक्के, आठ अर्ज. हिंमतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे उघडं नको, बंद नको आणि पत्रही नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग तुम्हाला हवं तरी काय?"

"तिले इचारा."

"कसं विचारायचं?"

एवढं विचारून अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमचा गुन्हा लहान नाही, बाई. त्याचं काय ते संस्था पाहील. पण विचारायचा अधिकार संस्थेलाच आहे आणि तुम्ही संस्थेच्या आहात. महिन्याभरानं आम्ही इथं शेवटची बैठक घेणार. तोवर एका आईला, तिच्या घरी ठिणगी पडू न देता, विचारून दाखवा. जमलं नाही तर नोंदी कायमच्या बंद करायचा मसुदा तयार आहे, त्यावर मी सही करीन."

पुष्पाबाई घरी आल्या तेव्हा समोरच्या ओट्यावर महामाया कासारीण बांगड्यांची टोपली उतरवून पाय दाबत बसली होती. तीस वर्षं आजूबाजूच्या खेड्यांतून बांगड्या भरत फिरणारी ही बाई. तिला कोणी काही विचारावं लागत नसे.

"आज पोट भरलं माय माहं," ती म्हणाली. "पाच गावच्या बायाइनं सुख-दुःख सांगतलं. हात हातात घेतला का बाई बोलते पहा. अन् सासू बाजूले बसली असो का नवरा, बांगड्या भरताना कोणी ध्यान देत नाही."

पुष्पाबाई चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबल्या. क्षणभर त्यांना वाटलं, हिलाच पाठवावं. पण पाठवायचं तर नाव सांगावं लागेल, आणि नाव सांगायचं म्हणजे कपाट फोडल्यासारखंच. त्यांनी कप खाली ठेवला.

"महामाया, मले शिकव बांगड्या भराले."

"तुले? काऊन वं? पगार नाही देऊन राह्यले का तुले?"

"तुले काऊन पायजे?" पुष्पाबाई म्हणाल्या, आणि महामाया खो खो हसली.

पुढचे बारा दिवस महामायानं त्यांचा जीव नकोसा केला. हाताची बोटं जुळवून, अंगठा आत दाबून माप ओळखायचं, सव्वादोन की अडीच. बांगडी सरळ रेटायची नाही, गोलगोल फिरवत सांध्यावरून उतरवायची. पुष्पाबाईंनी पहिल्या दिवशी दीड डझन फोडल्या. स्वतःची तीन बोटं कापली. "जोर कायले लावतं? फाइलीची नाडी आवळून राह्यली का?" महामाया ओरडायची. शेजारपाजारच्या सगळ्या बायांचे हात सरावासाठी वापरून झाले. तेराव्या दिवशी महामायानं स्वतःचा हात पुढे केला, बाराच्या बारा बांगड्या शाबूत चढल्या, आणि तिनं काही न बोलता आपली जुनी टोपली पुष्पाबाईंच्या पुढ्यात सरकवली.

सुचिताच्या फायलीतलं आईचं नाव होतं रुख्मिणी. खाली वडिलांचं नाव, आडनाव आणि माहेरचं गाव. पुष्पाबाई टोपली घेऊन आधी त्या गावी गेल्या. कोणाचंही नाव घेतलं नाही. "या गावच्या लेकी कुठंकुठं देल्या वो?" एवढंच विचारलं. चार बायांचे हात भरून होईस्तोवर गावातल्या सगळ्या लेकींची सासरं कळली, वर दोन भांडणं आणि एका जावयाची दारू. रुख्मिणी जानेफळजवळच्या एका खेड्यात दिलेली होती आणि नवऱ्याबरोबर जानेफळच्या बाजारात भाजी विकायला बसायची.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या. जानेफळचा बाजार फुलला होता. पुष्पाबाईंनी भाजीच्या रांगेसमोर पोतं अंथरलं आणि दुपारपर्यंत अनोळखी हात भरत बसल्या. समोर वांगी-मेथीच्या ढिगामागे रुख्मिणी, पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, भराभर जुड्या बांधणारी. शेजारी तिचा नवरा कडूबा तराजू घेऊन.

आणि गंमत पाहा, पुष्पाबाई कसं बोलवावं या विवंचनेत असताना कडूबाच म्हणाला, "अवं, महालक्ष्म्या आल्या. भरून घे ना बांगड्या. कासारीण समोरच हाय."

रुख्मिणी पदराला हात पुसत येऊन बसली. पुष्पाबाईंनी तिचा हात हातात घेतला. कष्टाचा कडक हात, माप अडीच. पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली. तिसरी हातात घेतली आणि खाली पाहतच पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी मेहकरच्या शिशुगृहातून आली, बाई. घाबरू नको. येथी कोणाले माहीत नाही, कळणारबी नाही. नाही म्हणाचं असन त नुसती मान हालव. मी उठून जाईन, पुन्हा कवाच तुह्यासमोर येणार नाही."

हात थंडगार पडला. पण मागे ओढला गेला नाही.

"जिती हाय?" रुख्मिणीनं विचारलं. ओठ हलले न हलले.

"हाय. नोकरी करते. मायबाप लय चांगले भेटले तिले. कुठं राह्यते ते मी सांगणार नाही. तिनं सांगू म्हटल्याबिगर नाही." पुष्पाबाईंनी तिसरी बांगडी चढवली. "तिनं एकच इचारलं हाय. मले टाकलं, का देलं?"

कडूबा मेथीची जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकता टाकता ओरडला, "झालं का वं?"

"हात कडक हाय, दादा, वेळ लागते," पुष्पाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या इतकं सफाईदार खोटं बोलल्या.

"टाकलं?" रुख्मिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याहून जास्त राग होता. "त्या वक्ती थ्या साहेबानं शाईचा डबा पुढं केला. अंगठा लाव अन् मोकळी हो, म्हणे. चवथी शिकेल व्हती मी. म्हटलं, अंगठा नाही, सही करीन. पुरं नाव लिवलं. बापाचं, आडनावाचं, गावासकट. बाप बाजूले उभा होता, दात खात होता, तरी लिवलं. टाकणारी बाई आपलं नाव कायले लिवन? म्या एवढ्यासाठी लिवलं, का पोट्टी मोठी झाली अन् शोधत आली, त तिले सापडलं पायजे." तिनं नाक ओढलं. "सव्वीस वर्षं झाली. कोणीच आलं नाही. म्हटलं, तिले मी नको असन."

पुष्पाबाईंच्या हातातली बांगडी मोडली. ती सही त्यांना आठवत होती. ठसठशीत, दाबून लिहिलेली, अर्ध्या पानभर. त्यांनीच तो कागद फायलीला लावला होता आणि मनात म्हटलं होतं, काय ही बाईची ऐट! ज्या पोरीसाठी ते नाव लिहिलं होतं, नेमकं तिच्यापासूनच त्यांनी ते जपून ठेवलं होतं, तेही मोठ्या इमानदारीनं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या भर बाजारात रडल्या, आणि बोट कापलं म्हणून रडते असं लोकांनी समजून घेतलं.

"भेटाचं हाय?"

"हाव." रुख्मिणीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "घरी नाही. घरी सांगाचं का नाही, कवा सांगाचं, ते मी पाहीन. पुढल्या बाजाराले तिले येथी आणजा. अन् काही कागद असन त द्या."

पुष्पाबाईंनी बांगड्यांच्या डब्याचं पुठ्ठ्याचं झाकण पुढे केलं. तिनं त्यावर पेननं सावकाश काहीतरी लिहिलं. "माप लिवून देऊन राह्यली का?" कडूबानं विचारलं. "हाव," ती म्हणाली. मग रीतीप्रमाणे वाकून तिनं कासारणीला नमस्कार केला, आणि पुष्पाबाईंना तो नमस्कार घेववेना.

बुलडाण्याच्या शेवटच्या बैठकीला त्या गेल्या तेव्हा चार बोटांना पट्ट्या होत्या. सगळी हकिकत ऐकून हिंमतराव उठले. "हे सगळं तोंडी आहे. बाईचं नाव काय? गाव कोणतं? पुरावा काय?"

"नाव चारचौघात सांगाचं असतं, सर, त मंग कपाट कायले ठेवलं आपण?" पुष्पाबाई म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला आणि हिंमतरावही ओशाळून हसले.

अध्यक्षबाईंनी मात्र पुष्पाबाईंना शेजारच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि पुठ्ठ्याचं झाकण व फायलीतला जुना कागद शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हीकडे तीच ठसठशीत, पूर्ण सही. पुठ्ठ्यावर तिच्या वर फक्त एक शब्द होता: देलं. बाहेर येऊन अध्यक्षबाई एवढंच म्हणाल्या, "पुरावा मी पाहिला. नाव कामकाजात लिहायचं नाही."

"आणि एखादी बाई नाही म्हणाली तर?" हिंमतरावांनी विचारलं, या वेळी मनापासून.

"त मंग नाही. तिचं नाव कपाटातच राहीन," पुष्पाबाई म्हणाल्या. "पण लेकराले तिचं 'नाही' भेटन, सर. माहा शिक्का नाही भेटणार."

हिंमतराव खाली बसले. "मग माझी हरकत नाही," ते म्हणाले. शेखर वकिलांनी आपल्या टिपणातली तीस दिवसांची अट स्वतःच्या हातानं खोडली.

त्याच दुपारी नवा मसुदा वाचून दाखवण्यात आला. आईला पत्र पाठवायचं नाही, संस्थेच्या शपथबद्ध स्त्री कर्मचाऱ्यानं तिला जपून, समक्ष विचारायचं. उत्तरं तीन: हो, नाही, आत्ता नाही. आत्ता नाही म्हणणारीला पुढे कधीही हो म्हणता येईल. तो नियम लागू व्हायला आठ महिने गेले, पण पुष्पाबाईंचे बाकीचे सहा अर्ज समितीनं त्याच दिवशी पुन्हा उघडले. खोट्या शिक्क्यांसाठी संस्थेनं त्यांना ठपका दिला. तो त्यांनी निमूटपणे घेतला, आणि निवृत्तीनंतरही हे विचारायचं काम त्यांनीच करावं अशी विनंतीही हिंमतरावांनीच केली. टोपली त्यांनी महामायाला परत केलीच नाही.

बैठकीनंतर दोनच दिवसांनी, रुख्मिणीनं सांगितलेल्या बाजाराला सुचिता आली. पुठ्ठ्याचं झाकण आदल्या दिवशीच तिच्या हाती पडलं होतं, ते तिनं छातीशी धरलं होतं. पोत्यावर बसून तिनं हात पुढे केला. माप सव्वादोन, बोटं लांबसडक. पलीकडून रुख्मिणी उठली आणि येऊन तिच्याशेजारी बसली. दोन हात शेजारी आले. एकाचा दुसऱ्याशी कशाचाही मेळ नव्हता, आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. रुख्मिणीनं लेकीचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. सुचितानं कानाला लागून काहीतरी विचारलं आणि रुख्मिणी रडता रडता हसायला लागली. आजूबाजूला अख्खा बाजार चालला होता, वांग्यांचा भाव ओरडला जात होता, माणसं त्यांना ओलांडून जात होती आणि कोणाला काही कळत नव्हतं. पुष्पाबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

एवढ्यात तराजू खाली ठेवून कडूबानं मान उंचावली. "कोण वं ती पोट्टी? रडून काऊन राह्यल्या तुमी दोघी?"

काहीतरी थाप मारायला पुष्पाबाईंनी तोंड उघडलं, पण रुख्मिणीनं हातानंच त्यांना थांबवलं. तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी आधी गिऱ्हाईक पाहा. घरी गेल्यावर मी सांगते. समदं सांगते, नावानिशी."

कडूबानं बायकोकडे पाहिलं आणि तराजू उचलला. पुष्पाबाईंनी हिरवी बांगडी घेतली आणि सुचिताच्या हातात हळूहळू फिरवत चढवली. ती मोडली नाही.